प्लास्टिकला भोक पाडताना

गेल्या वैशाखात थोरल्या भावाच्या मळ्यात ठिबकच्या सबमेनचे काम काढले होते. पीव्हीसीची ६३ मिलिमीटरची नळी बांधावर दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवली होती, मी ड्रिल मशीन चालवत होतो आणि भावाचा गडी नळी धरून बसला होता. खात्यात इतकी वर्षे काढली, शेकडो शेतकऱ्यांच्या ठिबक संचांवर उभा राहिलो, तेव्हा हे काम आपल्याला येते असा माझा समज होता. अमेरिकेहून लग्नासाठी आलेला माझा भाचा लिंबाखाली खाटेवर बसून पाहत होता. तिसऱ्या भोकाला बिट खाडकन आत ओढला गेला, नळी गड्याच्या हातातून निसटली आणि भोकाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "मामा, रागावणार नसाल तर सांगतो. हा बिट लोखंडाचा आहे. प्लास्टिकला तो असा चालणार नाही."

रागावण्याजोगे काहीच नव्हते, कारण याच मळ्यात चार वर्षांपूर्वी मी हात पोळून घेतले होते. पूर्वहंगामी कपाशीसाठी सबमेन टाकली, तिच्यावर ४६ भोके मीच पाडली, रबरी ग्रोमेट बसवले, वरून माती लोटली. पाणी सोडल्यावर आठ दिवसांत अकरा ठिकाणी जमीन वर ओली दिसू लागली. ग्रोमेट चांगले होते, नळी चांगली होती, भोके गोल नव्हती. कुठे लंबगोल, कुठे कडेला टवका, कुठे वितळलेल्या प्लास्टिकची गाठ. तिथून पाणी झिरपले, दाब पडला आणि शेवटच्या ओळींना पाणी पोचेना. उगवण विरळ झाली, दोनदा नांग्या भराव्या लागल्या. भाऊ मला काही बोलला नाही. वहिनी मात्र जेवायला वाढताना म्हणाल्या, "भावोजी, लोकांना सल्ला देता ना तुम्ही?" ते बोलणे अजून कानात आहे.

तर भाच्याने काय केले ते सांगतो. त्याने घरातला विळा-चाकू लावायचा बारीक दगड मागवला. बिटाच्या टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात. त्या कडेच्या पुढच्या अंगाला, जिथून किस वर चढतो तिथे, दगड बिटाच्या लांबीला समांतर धरून त्याने चार-सहा वेळा हलक्या हाताने फिरवला. दोन्ही कडांना सारखेच. तिथे केसाच्या जाडीची सपाट पट्टी चकाकू लागली. मी म्हटले, "अरे, आम्ही जन्मभर धार लावा म्हणून सांगत आलो आणि तू धार मारतोस?"

तो म्हणाला, "धार मारत नाही, मामा. तिचा कल मोडतो. लोखंडाच्या बिटाची कड पुढे झुकलेली असते. धातूत ती हवीच, कारण धातू तिला अडवून धरतो. कडक प्लास्टिक अडवत नाही. मग कड आत घुसते, बिट स्क्रूसारखा स्वतःच पुढे ओढला जातो, आणि पलीकडून बाहेर पडताना सगळा जोर एकदम येऊन टवका उडतो. कल मोडला की कड खणत नाही, खरवडते."

नांगराच्या फाळाचा कल जास्त झाला की फाळ जमिनीत डोके खुपसतो आणि बैल अडखळतात. तसेच हे आहे, असे मी मनाशी म्हटले. चौथे भोक त्याने पाडले. किस पिठासारखा पडला आणि ग्रोमेट अंगठ्याने दाबताच बसला.

हे सारे त्याला कुठून माहीत, हा प्रश्न मला पडला तसा आपल्यालाही पडेल. हा मुलगा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी दोन मित्रांसह घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधतो. खेळण्यातले नव्हे, दोन माणसे बसून खरोखर उडेल असे. ऐकून बहिणीची झोप उडाली होती, पण त्या देशात ही गोष्ट जुनी आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या वैमानिकाने मिल्वॉकी येथे अशा हौशी लोकांची संघटना काढली. १९७० पासून तिचा मोठा मेळावा विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश गावी दरवर्षी भरू लागला. तिथल्या कायद्याप्रमाणे विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः बांधलेला असला, तर सरकारी तपासणीनंतर त्याला प्रायोगिक विमान म्हणून परवाना मिळतो. भाच्याचे विमान ज्या जातीचे आहे ती आर.व्ही. विमाने रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन या ओरेगनमधल्याच माणसाने काढली. तो शेतकरी घरातला. घरच्या शेतातील आखूड धावपट्टीवरून तो विमान उडवत असे. आज त्याच्या नमुन्याची ११,००० हून अधिक विमाने लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. आपल्याकडेही मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आहेत. २०१६ साली मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात त्यांचे विमान लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकार दरबारी नोंदणी झाली.

या विमानांचे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असते. पण ते चालवण्याची जी यंत्रणा, दांडा, पेडल, दोऱ्या, तिच्यात जागोजागी प्लास्टिक आहे. शेपटीवरचे सुकाणू पायाने चालते. त्या पेडलांच्या आडव्या नळ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत फिरतात. पंखांमागच्या झडपा उतरवणारा आडवा दांडाही तशाच ठोकळ्यांत फिरतो. सुकाणूच्या पोलादी दोऱ्या पत्र्यातून जातात तिथे भोकात प्लास्टिकच्या बांगड्या बसवतात, म्हणजे दोरी पत्र्याला घासत नाही. ठोकळ्याचे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिनचाच फार घट्ट आणि चिवट प्रकार. सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या ज्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सरकत जातात त्या बहुधा याच मालाच्या असतात. अंगचाच गुळगुळीतपणा इतका की तेल-वंगण लागत नाही.

पहिला ठोकळा भाच्याने बिघडवला, आणि ती हकीगत त्याने सांगितली म्हणून हा लेख लिहायला बसलो.

उन्हाळ्याचे दिवस होते, गॅरेज तापलेले. त्याने ठोकळ्याला सुमारे २२ मिलिमीटरचे भोक पाडले. नळी घालून पाहिली तर छान बसली, ना ढिली ना घट्ट. मित्रांनी पाठ थोपटली. डिसेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी पेडल दाबून पाहिले तर ते जड चालू लागले होते. पाय काढला तर पेडल जागेवर परत येईना. जमिनीवर उभ्या विमानात ही फक्त चीड आणणारी गोष्ट. पण उतरताना बाजूचा वारा असला तर वैमानिकाला सुकाणू पायाने क्षणाक्षणाला हलवावे लागते, आणि तेव्हा पेडल अडखळले तर विमान धावपट्टीवरून शेतात जाते.

काय झाले होते? प्लास्टिक उष्णतेने धातूपेक्षा किती तरी अधिक फुगते आणि थंडीने तितकेच आकसते. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला तर साधारण १२ सहस्रांश मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा २३. या पॉलिथिनचा मात्र १५० ते २००. बावीस मिलिमीटरचे भोक पंचवीस-सत्तावीस अंशांनी थंड झाले की व्यासात सुमारे एक दशांश मिलिमीटरने आखडते. नळी मात्र जवळपास होती तेवढीच राहते. उन्हाळ्यात जी फट 'छान' वाटली ती हिवाळ्यात उरलीच नाही, आणि ठोकळ्याने नळीची मान धरली. भरीस भर म्हणजे उंचावर हवा थंड असते. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी तापमान उतरते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. बिट फिरताना भोकात उष्णता होते. धातूत ती चटकन पसरून जाते. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती भोकाच्या कडेलाच साठते. गरम असताना भोक मापाचे दिसते आणि गार झाल्यावर बिटापेक्षा लहान भरते. लोखंडाला भोक पाडणाऱ्याचा अनुभव नेमका उलटा असतो, तिथे भोक बिटापेक्षा किंचित मोठेच पडते. म्हणून गावातला उत्तम फिटरसुद्धा प्लास्टिकवर फसतो.

दुसऱ्या खेपेला त्याने घाई केली नाही. दोन्ही बाजूंचे ठोकळे एकावर एक घट्ट आवळून एकदमच भोक पाडले, म्हणजे दोन्ही भोके एका रेषेत आली. वेगवेगळी पाडली असती तर नळी तिरकी होऊन एका कडेवर घासली असती. हातातले मशीन न वापरता टेबलावर उभे बसवलेले ड्रिल वापरले, कारण हात कितीही स्थिर असला तरी थोडा कलतोच. खाली लाकडाची फळी धरली, जेणेकरून बिट बाहेर पडताना कड फाटू नये. या मऊ प्लास्टिकला बिटाचा कल मोडायचा नसतो, उलट धार कोरी हवी, नाहीतर ते कापले न जाता चुरगळते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सबमेनचा नियम इथे लावला तर काम बिघडेल. कडक आणि ठिसूळ प्लास्टिकला खरवडणारी कड, मऊ आणि चिवट प्लास्टिकला तीक्ष्ण कड. गती कमी ठेवली, बिट थोडा आत घालायचा आणि बाहेर काढून किस झाडायचा, पुन्हा थोडा आत. किसाचे लांब दोरे बिटाला गुंडाळले गेले की तेच गरम होऊन भोक चोळतात. भोक मापापेक्षा थोडे लहान पाडले आणि ठोकळे रात्रभर ठेवून दिले. सकाळी व्हर्नियरने मोजले, मग नळीच्या जाडीच्या काठीला पॉलिश पेपर गुंडाळून हळूहळू मापावर आणले. आणि मोजमाप केले ते थंड सकाळी.

मोजणे आणि वाट पाहणे यातच बहुतेक वेळ गेला, असे तो म्हणाला. भोक पाडायला पाच मिनिटेसुद्धा लागली नसतील.

विमानाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण ॲक्रिलिकचे असते. तिथे भीती निराळी. ते काचेसारखे तडकते आणि एक तडा गेला की हजारो रुपयांचे झाकण वाया. बांधणारे लोक त्यासाठी निमुळत्या टोकाचा खास बिट घेतात, किंवा कल मोडलेला. भोक मोठे करायचे तर पायऱ्यापायऱ्यांचा बिट वापरतात. ठोकून खूण करत नाहीत, चिकटपट्टीवर पेन्सिलीने करतात. थंडीत काम करायचे तर खोली आधी उबदार करून घेतात, कारण गारठलेले ॲक्रिलिक अधिक ठिसूळ असते. भोक झाले की कडेची तुसे काढून ती आतबाहेर गुळगुळीत करतात, कारण तडा नेहमी कडेवरच्या खरचटीपासूनच निघतो.

आणि भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवतात. हिशेब करून पाहा. ॲक्रिलिक एका अंशाला मीटरमागे सुमारे ७० सहस्रांश मिलिमीटर वाढते. एक मीटर लांबीचे झाकण तीस अंशांनी तापले तर दोन मिलिमीटरहून थोडे अधिक वाढेल. खालची ॲल्युमिनियमची चौकट जेमतेम पाऊण मिलिमीटर. हा सव्वा-दीड मिलिमीटरचा फरक जाणार कुठे? भोकात जागा नसेल तर स्क्रू प्लास्टिकला ताणतो आणि एका थंड रात्री, कोणी हात न लावता, तडा जातो. स्क्रूही आवळून पिळत नाहीत. पेट्रोल, थिनर किंवा स्क्रू पक्के करण्याचे रासायनिक द्रव ॲक्रिलिकला लागू देत नाहीत. त्याने आत बारीक बारीक तडे पसरतात आणि झाकण धुरकट होते. साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके पुरते.

भोकाची कड किती मोलाची याचा एक दाखला त्याच आर.व्ही. विमानांचा आहे, जरी तो प्लास्टिकचा नसून ॲल्युमिनियमचा आहे. कामाचा उरक वाढावा म्हणून काही भागांतील भोके लेझरने कापून घेण्यात आली होती. त्यातल्या काही भोकांना पुढे खळगी पाडताना कडेला बारीक तडे गेलेले आढळले. गिऱ्हाइकांकडे असे भाग घरोघर पोचले होते. कुठले चालतील, कुठले बदलायचे, यात पैसा आणि विश्वास दोन्ही खर्ची पडले. इतर अडचणीही होत्याच. २०२३ च्या डिसेंबरात त्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढे ती सावरली. भाच्याने स्वतःच्या पेटाऱ्यातले भाग भिंग लावून एकेक तपासले. त्यात त्याचे तीन रविवार गेले.

असो. आपल्या मळ्यात परत येऊ.

सबमेनवर भोके पाडायची तर ग्रोमेटच्या मापाचा जो बिट पुरवठादाराने सांगितला असेल तोच घ्यावा. "एक नंबर मोठा चालतो" हे दुकानातले बोलणे ऐकू नये. रबराला घट्ट धरणारी कड हवी असते, आणि भोक लहान करण्याचा उपाय अजून निघालेला नाही. आधी नळीच्या उरलेल्या तुकड्यावर दोन भोके पाडून ग्रोमेट बसवून पाहावे. रांगेसाठी नळीवर सुतळी ताणून रेघ मारावी, नाहीतर भोके नळीभोवती फिरत जातात आणि लॅटरल वाकडी निघते. नळी माणसाने धरून ठेवण्यापेक्षा दोन बाजूंनी खुंट्या ठोकून त्यात बसवावी. जोर कमी, गती कमी. बिट पलीकडच्या भिंतीला लागू देऊ नये. त्यासाठी बिटावर चिकटपट्टीचा वेढा देऊन खोलीची खूण करावी.

भोकातला किस निम्मा बाहेर पडतो आणि निम्मा नळीच्या आत. हा किस पुढे लॅटरलमध्ये जाऊन ड्रिपर चोंदवतो आणि दोष मात्र पाण्यातल्या क्षारांना दिला जातो. लॅटरल जोडण्यापूर्वी सबमेनच्या शेवटचा व्हॉल्व्ह उघडून पाणी जोरात सोडावे. पांढरे कण दिसायचे थांबले की मगच लॅटरल जोडाव्यात. लॅटरलवर ड्रिपर बसवताना पंचच वापरावा. खिळ्याने पाडलेले भोक चिरते, कापले जात नाही.

आपल्या घरांत आणखी एक रीत आहे. चुलीत लोखंडी सळई लाल करायची आणि प्लास्टिकला टेकवायची. फुटक्या बादलीत झाड लावण्यापुरते ते ठीक. पण अशा भोकाभोवती जाड ओठ तयार होतो आणि माप राहत नाही. पीव्हीसीच्या नळीला तर सळई कधीच लावू नये. त्याचा धूर तिखट असतो, त्यात आम्ल असते. घसा आणि डोळे धरतात. हे सांगितल्यावर वहिनींनी कबूल केले की गेल्या साली मोरीच्या नळीला असेच भोक पाडताना दिवसभर खोकला होता.

नळीच्या मापाचेही आकसणे विसरू नये. सहा मीटरची पीव्हीसी नळी पंचवीस अंशांच्या फरकाने सुमारे नऊ मिलिमीटर लांब-आखूड होते. भर दुपारी उन्हात जोडून ताणून चरात घातलेली सबमेन रात्री पाणी सोडताच ओढ घेते. चरात नळी टाकून, सकाळच्या गारव्यात माती लोटावी.

फवारणीच्या टाकीला किंवा पाण्याच्या प्लास्टिकच्या ड्रमला तडा गेला असेल तर तड्याच्या अगदी टोकाला तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडून कड गुळगुळीत करावी. तड्याचे टोक सुईसारखे असते, सगळा ताण तिथे जमतो. गोल भोकात तो विखुरतो आणि तडा पुढे सरकत नाही. विमानवाले लोकही पत्र्याला किंवा झाकणाला तडा गेला की असेच भोक पाडतात. त्यानंतर वरून ठिगळ लावावे. मात्र विषारी औषधाची टाकी असेल तर ठिगळाच्या भानगडीत न पडता ती बदलावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

मशीन चालवताना डोळ्यांवर चष्मा असावा. बायकांनी पदर खोचून घ्यावा, पुरुषांनी उपरणे बाजूला ठेवावे, आणि फिरत्या बिटाजवळचा किस हाताने ओढू नये.

या वर्षी सबमेनवर ५२ भोके पाडली. पहिली तीन माझी, बाकीची भाच्याची आणि त्याच्याकडून शिकल्यावर गड्याची. माझ्या तीनपैकी टवका उडालेल्या भोकापाशी नळी कापून जोड द्यावा लागला. पाणी सोडल्यावर आम्ही सगळे चराच्या कडेने चालत गेलो. एका ठिकाणी ओल दिसली, ती भोकाची नव्हती, त्या जोडाची होती. सिमेंट लावताना माझाच हात घाईत होता.

भाचा परत गेला. त्याचे विमान अजून उडालेले नाही, तपासणी व्हायची आहे. बहीण रोज देवाजवळ दिवा लावते. जाताना त्याने दगडावर घासलेला तो बिट फडक्यात गुंडाळून भावाच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि वर चिठ्ठी बांधली, 'फक्त नळीसाठी'. परवा गडी त्याच बिटाने नांगराच्या पट्टीला भोक पाडायला निघाला होता. वहिनींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.